बेचाळीस वेळा कैलासवासी

“आजपासून या दैनिकात कुणाचाही अपमान होणार नाही,” असं मी खुर्चीवर उभा राहून जाहीर केलं. समोर नऊ माणसं होती. दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला एक चहावाला होता आणि तो हाताला लागलेली साखर झटकत होता. मी खुर्चीवर चढलो होतो तो पंख्याची सुटलेली वायर लावायला. पण थोडं उंचावर गेलं की माणसाला काहीतरी जाहीर करावंसं वाटतंच.

ही एकोणीसशे नव्याण्णवच्या ऑगस्टातली गोष्ट. नगरला तेव्हा ‘दैनिक सीनातीर’ निघायचं आणि मी त्याचा संगणक विभाग होतो. विभागात मी एकटाच असल्यामुळे मतभेद होत नसत.

अपमानाचं थोडं सांगायला हवं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात खून छापा, दरोडे छापा, अध्यक्षांनी रस्त्याचं डांबर खाल्लं असं छापा. लोक वाचतात आणि त्याच कागदात भजी बांधतात. पण एखाद्या सरपंचाच्या नावाआधीचा ‘श्री.’ राहिला, किंवा कुणाच्या सौभाग्यवतीची श्रीमती झाली, तर माणसं टेम्पो करून येतात. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक नावाला काहीतरी लागायचंच. श्री., सौ., कु., प्रा., ॲड., ह.भ.प. आणि ज्यांना यापुढे तक्रार करता येणार नाही त्यांना कै.

हा सगळा मानपान एकोणतीस वर्षं रासनेबाई सांभाळत होत्या. कुमारी इंदुमती रासने, मुद्रितशोधक. खिडकीजवळ त्यांचं टेबल. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हाताखाली एक फुटाची लाकडी पट्टी. पट्टी ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. जिल्ह्यात कोण कधी वकील झाला, कोण कधी विधवा झाली, कुणी कीर्तन सोडून ठेकेदारी धरली, हे सगळं त्या पट्टीखालून गेलेलं होतं.

मग पान जुळवायचं नवीन सॉफ्टवेअर आलं. त्याला बाहेरून जोड देता यायची. म्हणजे छपाईला जाण्याआधी प्रत्येक पान तुमच्या एका फायलीकडे जाणार आणि ती फाइल सांगेल तो फेरफार त्यात होणार. ही जोड दोन तऱ्हांनी करता येई. एक, शेल स्क्रिप्ट. साध्या अक्षरांत ओळीखाली ओळ लिहिलेल्या सूचना. संगणक दर वेळी वरून खाली वाचतो आणि तसं करतो. कुणीही उघडावी, वाचावी, खोडावी. दुसरी तऱ्हा म्हणजे सी भाषेत मूळ मजकूर लिहून तो कंपाइल करायचा. मग जी फाइल तयार होते ती यंत्राला कळते, माणसाला नाही. स्क्रिप्ट म्हणजे ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलेली लोणच्याची कृती आणि कंपाइल केलेला प्रोग्राम म्हणजे मुरलेलं लोणचं. त्यात मीठ जास्त पडलं तर वेचून काढता येत नाही; कृतीचा कागद शोधून पुन्हा घालावं लागतं.

मी लोणचं घातलं. दोन हजारांवर नावं आणि त्यांचे मान मी थेट प्रोग्रामच्या पोटातच भरले.

“नावं वेगळ्या फायलीत ठेवली तर?” रासनेबाईंनी विचारलं.

“कुणीही उघडून बदलेल.”

“म्हणजे बदलता येतील.”

“बाई, पक्कं काम म्हणजे पक्कं काम. स्क्रिप्ट हे कच्चं काम. त्याला वेग नाही, त्याला भारदस्तपणा नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. बाईंचं ‘बरं’ हे होकार नसायचं, पोच असायची.

त्यांना हे प्रश्न सुचले कसे, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या पुस्तिकेचं मराठी भाषांतर मी केलं होतं आणि त्याची प्रूफं बाईंनी वाचली होती. भाषांतर करताना मजकूर समजावाच लागतो असं नाही. प्रूफ वाचताना लागतो.

माझ्या प्रोग्राममध्ये दोन खास हुशाऱ्या होत्या. पहिली अशी की ‘कै.’ हा मान सगळ्यांच्या वर. एकदा कै. झालेला माणूस पुन्हा श्री. होत नाही, हा नियम मी निसर्गाकडून घेतला होता. दुसरी अशी की टायपिंग करणाऱ्याने नावात जागा सोडली, वेलांटी चुकवली, तरी प्रोग्राम तो माणूस ओळखायचा. एका पानाला एक सेकंद लागे. आमचे मालक-संपादक अण्णा हिरवे दर दोन दिवसांनी यायचे, मागे हात बांधून तो सेकंद बघायचे आणि समाधानाने परत जायचे.

माझा स्क्रीन जरा डुगडुगायचा. बाईंच्या टेबलावरची पट्टी मी त्याखाली सरकवली. आता तिची कुणाला गरज नव्हती. बाई त्या दिवसापासून ओळीखाली जुनं पोस्टकार्ड धरू लागल्या.

नोव्हेंबरात अण्णांनी त्यांना बोलावून सांगितलं की एक डिसेंबरपासून येऊ नका, प्रूफांचं काम आता यंत्र करतंय. घरात कमावत्या त्या एकट्याच होत्या; थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. बाहेर आल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि अर्धवट राहिलेलं पान पुरं केलं.

“काय म्हणाले अण्णा?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“मोकळं केलं म्हणाले.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“बरं म्हणाले.”

त्यानंतर आठवड्याभराने तात्यासाहेब वाळुंजकरांचा अमृतमहोत्सव आला. गंगाधर वाळुंजकर, पारनेर भागातल्या दूध संघाचे तीस वर्षं अध्यक्ष, वय पंचाहत्तर, आवाज असा की गाय घाबरून दूध सोडायची. संध्याकाळी पाचला सत्कार. आमची आठ पानांची खास पुरवणी तीनला मशीनवर चढणार आणि साडेचारला पहिली प्रत त्यांच्या हातात. साडेसहाशे शुभेच्छुकांची नावं होती. म्हणजे साडेसहाशे संभाव्य अपमान.

सकाळी अकराला नामदेव आला. नामदेव म्हणजे आमचा छपाईचा फोरमन. त्याच्या हातात पहिल्या पानाचा कागद होता.

“साहेब, तात्यासाहेब गेले का?”

“कुठे?”

“तसे नव्हे. गेले का?”

त्याने कागद माझ्यापुढे धरला. वर फेटा बांधलेल्या तात्यासाहेबांचा हसरा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: ‘कै. गंगाधर वाळुंजकर यांना उदंड आयुष्य लाभो.’

“बेचाळीस ठिकाणी आहे,” नामदेव म्हणाला. “आठव्या पानावर तर ‘कै. गंगाधर वाळुंजकर सत्काराला उत्तर देतील’ असं आहे. मी म्हटलं, विचारून घ्यावं.”

मला आठवलं. सप्टेंबरात शेवगावचे एक गंगाधर वाळुंजकर वारले होते, निवृत्त शिक्षक. त्यांच्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीसाठी मी ते नाव प्रोग्राममध्ये कै. म्हणून घातलं होतं. प्रोग्रामने ते निष्ठेने लक्षात ठेवलं होतं.

मी पान उघडलं, ‘कै.’ काढला, पान पाठवलं. सेकंदात परत आलं. ‘कै.’ जागच्या जागी. पुन्हा काढला, पुन्हा लागला. ‘गंगा धर’ असं तोडून लिहिलं. प्रोग्रामने चूक सुधारली, नाव जोडलं आणि माणूस मारला. ती हुशारी मीच घातली होती. जोड सबंध बंद केली तर तात्यासाहेब जगले असते, पण साडेसहाशे शुभेच्छुक नागडे छापले गेले असते आणि त्यांना हाताने मान लावायला संध्याकाळ झाली असती.

“छपाईच्या प्लेटवरून ब्लेडने खरवडू का?” नामदेवने विचारलं. मग स्वतःच मान हलवली. “नको. खरवडलेलं दिसतं. लोक निरखून बघतील काय होतं म्हणून.”

अण्णा आले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“कुलथे, हे किती वेळात जाईल?”

“मूळ मजकुरात एक ओळ बदलायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. काहीच नाही त्यात.”

“मग करा.”

“करतो,” मी म्हणालो आणि अण्णा जाईपर्यंत कळफलकावर बोटं आपटत राहिलो.

मूळ मजकूर नव्हता. त्याचं असं झालं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा व्हायची. ज्याने त्याने आपलं हत्यार पाटावर ठेवायचं. नामदेवने पाना ठेवला, बाईंनी लाल पेन, मी प्रोग्रामच्या मूळ मजकुराची फ्लॉपी. नामदेवने पान्याला हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, प्लास्टिकच्या खोक्याला कुंकू लावून काय उपयोग, पूजा वरवरची नको. म्हणून मी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या चकतीवर हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या आणि फुलाने चार थेंब पाणी शिंपडलं. त्याच आठवड्यात दिवाळी अंकाला जागा हवी म्हणून संगणकातली प्रत पुसून टाकली, कारण पक्की प्रत फ्लॉपीवर होतीच. नंतर फ्लॉपी घातली तेव्हा यंत्रातून पापड मोडल्यासारखा आवाज आला. महिनाभर मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

साडेबारा वाजले. मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. शेजारी कुणीतरी उभं राहिलं.

“कुलथे,” रासनेबाई म्हणाल्या, “मूळ मजकूर नाही ना?”

“असं कोण म्हणतं?”

“कुंकवाचं ताट मी धरलं होतं.”

बाईंनी पिशवीतून घडी केलेला रुमाल काढला. रुमालात फ्लॉपी होती.

“हिची पूजा केलेली नाही,” त्या म्हणाल्या.

तिच्यात दोन फायली होत्या. एक एकतीस ओळींची शेल स्क्रिप्ट. दुसरी नुसती यादी: नाव, मान, गाव. दोन हजार तीनशे ओळी. ऑगस्टापासून रोज जेवणाच्या सुटीत टायपिंगच्या रिकाम्या संगणकावर बसून बाईंनी ती केली होती. आम्हाला वाटायचं, बाई पत्ते खेळायला शिकल्या.

“कशाला केलंत हे?”

“पुस्तिकेत लिहिलंय तसं होतं का, ते बघायला. तुमच्या भाषांतरावर माझा विश्वास नव्हता.”

यादीत वाळुंजकर गंगाधर दोन होते. शेवगावचे, कै. आणि पारनेरचे, श्री. बाईंनी शेवगावच्या ओळीआधी एक खूण टाकली. ती खूण असली की स्क्रिप्ट ती ओळ सोडून पुढे जाते.

“आजच्या दिवस मास्तरांना विश्रांती,” त्या म्हणाल्या. “उद्या खूण काढायची.”

“हे हळू चालेल,” मी म्हणालो. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाने दोराच्या जाडीबद्दल शंका काढावी, तसा.

“आपल्याला तीनला छापायचंय. तीन सेकंदांत नाही.”

माझा प्रोग्राम बाजूला काढून त्या जागी बाईंची स्क्रिप्ट ठेवली. सॉफ्टवेअरला काही फरक पडला नाही. त्याने कच्चं की पक्कं असं विचारलंसुद्धा नाही, आणि तिथे मला पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं. पान गेलं. चार मिनिटं बाई, नामदेव आणि मी उभे होतो. चार मिनिटांत माणूस आपल्या आयुष्याकडे नीट मागे वळून बघू शकतो, तेव्हा ती पद्धत बंद करावी असं माझं मत झालं. मग कागद बाहेर आला.

‘श्री. श्री. गंगाधर वाळुंजकर यांना उदंड आयुष्य लाभो.’

सगळ्यांना दोन दोन श्री लागले होते. साडेसहाशे शुभेच्छुकांचा मठ झाला होता.

“असू द्या की,” नामदेव म्हणाला. “तात्यांना आवडेल.”

मी डोळे मिटले. माझ्या प्रोग्रामच्या बाबतीत हे झालं असतं तर तो दिवस संपला होता. बाईंनी स्क्रिप्ट उघडली आणि पोस्टकार्ड स्क्रीनवर ओळीखाली धरलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. अकराव्या ओळीवर थांबल्या.

“हे बघा. प्रत्येक नाव दोनदा तपासलं जातंय. मान आधीच लागला असेल तर पुन्हा लावू नये, हे सांगायचं राहिलं.”

त्यांनी ते सांगितलं. दोन मिनिटं लागली. प्रूफ तपासताना काना टाकावा तसं.

पान पुन्हा गेलं. पुन्हा चार मिनिटं. ‘श्री. गंगाधर वाळुंजकर यांना उदंड आयुष्य लाभो.’ नामदेवने कागद उचलला, बेचाळीस ठिकाणांपैकी त्या पानावरची सात बोटाने मोजली आणि म्हणाला, “जिवंत आहेत.”

प्रत्येक पान बाई वाचून मगच पुढे सोडत होत्या; सव्वादोनला सहावं पान चालू असताना दारात काठी वाजली. तात्यासाहेब स्वतः. फेटा बांधून, सत्काराच्या पावणेतीन तास आधी.

“म्हटलं आपलीच पुरवणी, छापताना बघावी,” ते म्हणाले आणि बसायला जागा शोधत त्यांनी खुर्चीवरचा कागद उचलला. तो सकाळचा होता.

त्यांनी तो वाचला. सावकाश वाचला. तेवढ्यात अण्णा आत आले आणि दारातच थबकले.

“अण्णा,” तात्यासाहेब म्हणाले, “मी कधी गेलो?”

“तात्या, ते... ते शेवगावचे.”

“गंगाधर मास्तर? मी गेलो होतो त्यांच्या दहाव्याला. तिथं नाव सांगितलं तर चार माणसं मागं सरली.” त्यांनी कागद उलटा करून पाहिला. “एकाच पानावर सात वेळा. खात्री दिसते तुमची.”

“रद्द केलेला आहे तो, तात्यासाहेब,” बाई म्हणाल्या. “छापायचा हा.” आणि त्यांनी नवीन पान पुढे केलं.

तात्यासाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग नवीन परत दिला आणि जुना घडी करून खिशात घातला.

“हा मला राहू द्या. घरी पडवीत ठेवतो आणि आत जाऊन पडतो. बघतो, कोण रडतंय आणि कोण शेतं मोजतंय.”

ते हसले तेव्हा खिडकीची काच थरथरली. मी असं ऐकलंय की सुटकेने पाय हलके होतात. माझे झाले नाहीत. मी खाली बसलो, आणि बसल्यावर कळलं की तिथे खुर्ची नव्हती.

तीनला सात मिनिटं असताना पुरवणी मशीनवर गेली. तो धडधडाट मी वीस वर्षं ऐकला असेल, पण त्या दिवशी तो अंगाई वाटला. नामदेव तात्यासाहेबांना मशीन दाखवायला घेऊन गेला. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“कुलथे, वाचवलंत.”

‘हो’ हा मराठीतला फार छोटा शब्द आहे. तोंडातून केव्हा निसटतो कळत नाही. तो माझ्या दातांपर्यंत आला होता. बाई खिडकीजवळ पोस्टकार्ड पिशवीत ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. वर केली असती तर मी खोटं बोललो असतो, कारण कुणी बघत असलं की मला उत्साह येतो.

“मी नाही,” मी म्हणालो. “माझा प्रोग्राम गेला. त्याचा मूळ मजकूर मी खंडेनवमीला पुजला. आता जे चाललंय ते बाईंचं.”

अण्णांनी आधी ‘पुजला’ म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग बाईंकडे वळले.

“बाई, एक तारखेपासून तुम्ही येणार नव्हतात. मग हे कशाला केलंत?”

“म्हणजे?” बाईंना प्रश्न खरंच कळला नव्हता. “चुकलेलं पान जाऊ द्यायचं?”

अण्णा आपल्या खोलीत गेले आणि एक कागद घेऊन आले. ‘मुद्रितशोधन विभागाची यापुढे आवश्यकता उरलेली नाही,’ असं सुरू होणारं ते टिपण. त्या टिपणावरूनच बाईंना मोकळं केलं होतं. ते लिहिलं कुणी, हे मी आतापर्यंत सांगितलं नाही. मी लिहिलं. सुबक, एक पानी, मुद्देसूद.

अण्णा ते फाडायला निघाले आणि थांबले. कागदावर लाल शाई होती.

आमच्याकडे कचेरीतून निघणारा प्रत्येक कागद आधी बाईंच्या टेबलावरून जायचा. तोही गेला होता. माझ्या दोन चुका त्यांनी दुरुस्त केल्या होत्या. आणि खाली, सहीच्या जागी, माझ्या नावाआधी राहिलेला ‘श्री.’ लावला होता.

अण्णांनी टिपण माझ्या हातात दिलं. “तुम्हीच फाडा.”

मी फाडलं. चार तुकडे झाले. अगदी बारीक करायची हिंमत झाली नाही, कारण ‘श्री.’ कुठल्या तुकड्यावर आहे ते दिसत होतं.

“बाई,” अण्णा म्हणाले. “एकोणतीस वर्षांत तुम्ही काही मागितलं नाहीत. आज मागा. पगार, पद, वेगळी खोली. हा विभागसुद्धा तुमच्या हाताखाली देतो.” विभागाने मान खाली घातली.

मशीनचा आवाज येत होता. प्रसंग फार भारदस्त झाला होता. कच्चं आणि पक्कं यांविषयी, माणसाला वाचता येईल अशा गोष्टींविषयी काहीतरी कायमचं बोलून टाकावं असं मला वाटू लागलं. मी खुर्चीकडे बघितलंही.

बाईंनी विचार केला. मग माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

“यांच्या स्क्रीनखाली माझी पट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “तेवढी काढून द्या. पोस्टकार्डाने ओळ निसटते.”